कोन सांगून राहिला हे?

मी फायरवॉल सांभाळते. आलापल्लीतल्या नातेवाइकांना हे इतक्या वर्षांत पुरतं पटलेलं नाही, म्हणून दर लग्नकार्यात पुन्हा सांगावं लागतं. इंटरनेटची तार बाहेरून कार्यालयात शिरते तिथे एक पेटी असते. आत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं ते ती ठरवते. ती बंद पडली की कार्यालय बंद पडतं. पेटी म्हणजे खरं तर एक लहान संगणकच, पण तिला पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. दुखलं-खुपलं तर सांगायचा तिच्याकडे एकच मार्ग असतो. यंत्राचे सुटे भाग आणि वर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम बसलेला असतो, तो एकेक ओळ लिहीत जातो. कार्डाने उत्तर दिलं नाही, डिस्कने वेळ लावला, तापमान हद्दीबाहेर गेलं, अशा त्या ओळी. त्या वाचून कुठला भाग बिघडलाय ते ओळखणं हा माझा धंदा आहे.

हा धंदा मला अन्नांनी शिकवला. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, आणि आलापल्लीत कुणाला त्याची गरजही पडणार नाही. ते तरुणपणी प्राणहितेच्या पलीकडून आले, रेडिओ दुरुस्तीवर पोट भरू लागले आणि इथलेच झाले. घरी तेलुगू, दुकानात आमची इकडची मराठी, आणि माडिया गिऱ्हाइकाशी जमेल तेवढं माडिया. इंग्रजीची अक्षरं त्यांना ओळखू येत, पण वाक्य लागत नसे. टिनाच्या त्या दुकानात टीव्ही, इन्व्हर्टर, पंपाचे स्टार्टर, सोलरचे दिवे, मिक्सर असं सगळं यायचं. आता चौकातून लोहखनिजाचे ट्रक जातात म्हणून दुकानावर तांबडी धूळ बसते आणि अन्ना प्रत्येक पंख्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड लावून देतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एवढी धूळ नव्हती.

चंद्रपूरला इंजिनिअरिंग करून मी घरी परतले ते २०१२ च्या आसपास. नागपूरच्या एका कंत्राटदार कंपनीला दक्षिण गडचिरोलीतल्या लहान लहान संस्थांच्या पेट्या सांभाळायला माणूस हवं होतं. दवाखाने, वसतिगृहं, पतसंस्था. आलापल्लीत राहणारं माणूस त्यांना सोयीचं पडलं, कारण हे गावच रस्त्यांचं आहे. अहेरी, आष्टी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कुठूनही या, रस्ता आमच्या चौकात येतो. पण नागपूर दूर. जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच, तेही पार उत्तरेला वडसा-देसाईगंजला. बदली पेटी एस.टी.च्या पार्सलने यायची. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटायचं, आणि नक्षलवाद्यांचं बंदचं पत्रक निघालं की पेरमिलीच्या पुढे गाडी जायची नाही. अशा वेळी नुसती 'पेटी बदला' ही सूचना काय कामाची?

कंपनीची सूचना मात्र नेहमी तीच असे. मला एक तक्ता दिला होता. डाव्या बाजूला कर्नलचा संदेश, उजव्या बाजूला उपाय, आणि बहुतेक उपाय 'पेटी बदला' हाच. शहरात हे चालतं. तिथे दुपारपर्यंत दुसरी पेटी येते आणि जुनीचं काय झालं ते कुणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर या तक्त्यांनी एक अख्खी पिढी आळशी केली. संदेश वाचायचा नाही, तक्त्यात शोधायचा.

भामरागड रस्त्यावरच्या एका संस्थेच्या दवाखान्यातली पेटी सतत बंद पडू लागली. आठवड्यातून दोन-तीनदा, कधी एका दिवसात दोनदा. मी निळी चपटी केबल लावली, लॅपटॉपवर कन्सोल उघडला आणि ओळी पाहिल्या. 'ईएम-वन: वॉचडॉग टाइमआउट, रिसेटिंग.' ईएम-वन हे नेटवर्क कार्डाच्या दुसऱ्या पोर्टचं नाव, कारण ती पेटी फ्रीबीएसडी या प्रणालीवर चालत होती आणि तिथे पोर्टांना अशी नावं असतात. त्या काळात आमच्याकडच्या स्वस्त पेट्यांवर पीएफसेन्स नावाची फायरवॉल असे. मॅन्युएल कॅस्पर नावाच्या स्विस तरुणाने २००३ साली मोनोवॉल लोकांसमोर आणलं, पुढच्या वर्षी त्यातून पीएफसेन्स फुटलं, आणि जगभरच्या गरीब कार्यालयांना फुकटात फायरवॉल मिळाली. त्या अनोळखी लोकांचंही देणं आहेच, पण ते दूरचं.

तक्त्याप्रमाणे उपाय होता पेटी बदलणं. बदलली. तिसऱ्या आठवड्यात नव्या पेटीत तीच ओळ. कंपनीने पुन्हा एक पेटी पाठवायची तयारी केली. मी मात्र लॅपटॉप घेऊन अन्नांकडे गेले. का गेले, याला काही थोर कारण नाही. आमच्या घरचा मिक्सर त्यांच्याकडे पडला होता.

"अन्ना, हे पाहा, कार्ड खराब आहे म्हणते."

त्यांनी सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवली आणि विचारलं, "कोन सांगून राहिला हे?"

"पेटी."

"पेटीतला कोन?"

"कर्नल. आतला मुख्य प्रोग्राम."

"त्याले कसं समजलं?"

मला सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट विचार करावा लागला. कर्नल कार्डाला पाकीट देतो, हे बाहेर पाठव म्हणून. पाठवून झालं की कार्डाने कळवायचं असतं. कर्नल घड्याळ लावून बसतो. काही सेकंद गेले आणि उत्तर आलं नाही तर तो ही ओळ लिहितो आणि कार्डाला दणका देऊन नव्याने सुरू करतो.

"मंग त्याले येवढंच मालूम हाये का जवाब नाही आला," अन्ना म्हणाले. "जवाब नाही आला म्हनजे कार्ड मेलं का, अम्मा? झोपलं असन. उपाशी असन."

माझे वडील वनरक्षक होते. नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, तो झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणून त्यांच्या पहिल्या आदेशावर चंद्रपूरच लिहिलेलं आहे. लहानपणी मी त्यांना रात्री कंदिलाजवळ पंचनामे लिहिताना पाहिलंय. बीटमध्ये सागाचा थुट सापडला की ते थुटाची गोलाई लिहीत, जमिनीपासूनची उंची लिहीत, घाव कुऱ्हाडीचे की करवतीचे ते लिहीत, कापलेली जागा ओली की सुकलेली तेही. 'कुणी तोडलं?' असं मी विचारलं की म्हणत, "मी तिथं होतो का?" कर्नलची ओळ हा असा पंचनामा आहे. त्यात थुट असतो, चोर नसतो. घरात आयुष्यभर पाहिलेली गोष्ट मला अन्नांच्या दुकानात कळली, आणि तक्ता बनवणाऱ्यांनी पंचनाम्यालाच निकाल समजलं होतं हेही कळलं.

अन्नांनी विचारलं, पेट्या बदलल्या, पण त्यांना वीज देणारा अ‍ॅडॉप्टर बदलला का? नव्हता बदलला. बदली पेट्या नुसत्या यायच्या, अ‍ॅडॉप्टर जागेवरचाच राहायचा. पुढच्या फेरीत मी तो काढून आणला आणि तिथे दुसरा ठेवून आले. मी आधीच मीटर लावून पाहिला होता, १२ व्होल्टच्या जागी १२ च्या थोडं वर दाखवत होता. अन्नांना ते आकडे सांगितले तर ते हसले. रिकाम्या हाताने उभा राहिलेला माणूस कुणाला थकलेला दिसतो?

त्यांनी ड्रॉवरमधून मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब काढला. १२ व्होल्ट, ३५ वॅटचा, पितळी बुडाला दोन तारा सोल्डर केलेल्या. तो अ‍ॅडॉप्टरला जोडला. म्हणजे सुमारे तीन अँपिअरचा भार पडला, आणि अ‍ॅडॉप्टरवर तर पाच अँपिअर छापलेलं होतं. बल्ब पेटला. मीटर अकराच्याही खाली आला आणि बल्ब तापत गेला तसा आणखी घसरला. मग त्यांनी मीटर एसीवर टाकला आणि एका सुईच्या वाटेत एक लहान कपॅसिटर अडकवला. स्वस्त मीटर एसीवरही डीसीला फसतो, तो कपॅसिटर डीसी अडवतो आणि फक्त लहर पुढे जाऊ देतो. जिथे लहर जवळजवळ शून्य हवी, तिथे पाऊण व्होल्टच्या वर हलत होतं. हे माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या कुठल्या प्रयोगवहीत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. रिपलचं, म्हणजे या लहरीचं, प्रकरण होतं, त्यावर प्रश्नही येत. पण तो मोटारसायकलच्या बल्बने दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

अ‍ॅडॉप्टर फोडला तर बाहेर जाणाऱ्या बाजूचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. आतल्या द्रवाचा वायू होत गेला की डोकं फुगतं आणि द्रव सुकतो. उष्णता जितकी जास्त तितकं लवकर, दर दहा अंशांना आयुष्य अर्ध्यावर येतं असा ठोकताळा आहे. दवाखान्यात तो अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठेवलेला होता, खिडकी पश्चिमेची, आणि आमच्याकडचा मे महिना. चंद्रपूर ४७-४८ अंशांना जातं तेव्हा बातम्यांत येतं, आमच्या खिडक्या बातम्यांत येत नाहीत. अन्नांनी दोन्ही बदलले. मी डब्यातून हाताला लागतील ते काढून दिले होते, ते त्यांनी परत टाकले. "हे पंच्याऐंशीवाले. एकशे पाचवाले पाय." त्या लहान नळकांड्यांवर किती अंश सोसतील ते छापलेलं असतं, हे तोवर मी पाहिलंच नव्हतं.

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. कधी कार्डाचा वॉचडॉग ओरडायचा आणि पेटी चालू राहायची, कधी पेटी काहीही न लिहिता बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. एकच दुखणं, मग दोन तऱ्हा कशा? इथे दुसरं देणं येतं, दवाखान्यातल्या नर्सताईंचं. पहिल्याच फेरीत मी त्यांना सांगितलं होतं की पेटी बंद पडली की वेळ लिहून ठेवा. लहान पेट्यांमध्ये कर्नलच्या ओळी मेमरीतच असतात. जागा ठरावीक असते, नवी ओळ जुनीला ढकलते, आणि वीज गेली की सगळंच पुसतं. पुढे मी ओळी दुसऱ्या संगणकावर जातील अशी सोय सगळीकडे केली, पण तेव्हा दवाखान्यात दुसरा संगणक सतत चालू नसे. म्हणून वही.

ताईंनी शाळेची दोनशे पानी वही घेतली होती. तारीख आणि वेळ मी सांगितली तशी होती, पण त्यांनी स्वतःच्या डोक्याने तिसरा रकाना आखला होता: 'तेव्हा काय चालू केलं'. त्यात लिहिलेलं होतं, पंप. पंप. लाइट गेली. पंप. औषधाचा फ्रिज. पंप. मी ती वही अन्नांकडे नेली आणि त्यांनी ती मराठी असल्यामुळे स्वतः वाचली, बोट ठेवून, सावकाश. मग म्हणाले की ही बाई तुझ्या कंपनीत पाहिजे.

पंप सुरू होताना मोटार क्षणभर भरपूर करंट ओढते आणि त्या फेजवरचा विजेचा दाब खाली बसतो. चांगला अ‍ॅडॉप्टर तो क्षण निभावून नेतो. कपॅसिटर सुकले की ते जमत नाही. दाब थोडा बसला तर मुख्य चिप तग धरायची, पण नेटवर्कची चिप गोंधळायची आणि उत्तर द्यायची थांबायची. तेव्हा वॉचडॉगची ओळ. दाब जास्त बसला तर सगळंच एकदम जायचं, कर्नलला लिहायलाही वेळ नसायचा. ताईंच्या वहीत बंद पडण्याची वेळ होती आणि माझ्याकडच्या ओळींत त्या वेळेचं काहीच नव्हतं, कारण तेच होतं.

काही न लिहिता गेलेली पेटी हाही एक पुरावा आहे हे तेव्हापासून माझ्या हाताला बसलं. प्रोग्रामच्या चुकीने कर्नल कोसळतो तेव्हा तो पॅनिकचा लांबलचक मजकूर टाकून जातो. उष्णतेने बंद पडणारी पेटी बहुतेक वेळा आधी इशारे देते, तापमान वाढलं म्हणून चिपचा वेग कमी केला, असे. डिस्क जाणार असेल तर टाइमआउट, पुन्हा प्रयत्न, पुन्हा टाइमआउट अशा ओळी रांगेने येतात. आणि ओळींची रांग मध्येच तुटून एकदम सुरुवातीच्या ओळी दिसल्या, मध्ये निरोपाचा एक शब्द नाही, तर आधी वीज पाहावी. आता मी हाताखालच्या मुलांना हे दहा मिनिटांत सांगते. मला ते कळायला पंप, नर्सताई आणि बल्ब असे तिघे लागले.

पुढची काही वर्षं माझा शिरस्ता पडला. गुंता झाला की ओळी घेऊन दुकानात जायचं आणि त्या मराठीत सांगायच्या. अन्ना तोच प्रश्न विचारत आणि मी उत्तर शोधत बसे. डिस्कवाचनात चुका आल्या, तर सांगणारा कोण, डिस्क की डिस्कपर्यंतची तार सांभाळणारा कंट्रोलर? डिस्क स्वतःच म्हणत असेल की हा भाग मला वाचता येत नाही, तर ती चाललीच. पण कंट्रोलर म्हणत असेल की मजकूर वाटेत बिघडला, सीआरसी जुळला नाही, तर आधी नुसती केबल बदलावी. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत १९९ क्रमांकाचा रकाना याच वाटेतल्या बिघाडाचा असतो, आणि ५ व १९७ हे डिस्कच्या स्वतःच्या अंगातले. मेमरीच्या चुकांचंही तसंच. ईसीसी असलेली मेमरी एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते आणि प्रोसेसर तेवढं कळवतो, 'दुरुस्त केली'. तक्ता म्हणे, दुरुस्त झालेल्याकडे दुर्लक्ष करा. एखाद-दुसरी असेल तर ठीकच आहे. पण एका वसतिगृहातल्या पेटीत पावसाळा लागल्यापासून रोज वाढत होत्या. दमट हवेने मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात मळले होते. ते अन्नांनी शाळेच्या खोडरबराने घासले, आणि ओळी थांबल्या.

मृगाच्या आधी विजा सुरू झाल्या की पोर्ट मरायचे. लिंक वर, लिंक खाली, वर, खाली, अशा शेकडो ओळी आणि शेवटी कायमची खाली. एका पतसंस्थेत असं झालं तेव्हा अन्नांनी पेटीकडे पाहिलंच नाही. मीटर घेऊन त्यांनी भिंतीवरच्या सॉकेटमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजला. दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा, तो वीसच्या पुढे होता. अर्थिंगच नव्हतं म्हणायचं. अर्थिंगचा खड्डा कुठेय म्हणून विचारलं तर पतसंस्थेच्या शिपायाने कुंपणाजवळचं एक तोंड दाखवलं, आत कोरडी ठणठणीत माती. वडील निवृत्त होऊन घरी होते. ते कुदळ घेऊन आले, त्यांनी खड्डा नव्याने खणला, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतायचं काम शिपायाच्या गळ्यात घातलं. वडील आणि अन्ना यांची खरी ओळख त्या दिवशी झाली. त्यानंतर ते संध्याकाळी दुकानात जाऊन बसू लागले आणि माझ्याशिवायच माझ्या पेट्यांवर चर्चा करू लागले.

अन्ना सगळं बरोबर सांगत असं नाही. प्रोग्रामवर त्यांचा विश्वासच नव्हता. एकदा असाच वॉचडॉग आला आणि त्यात वीज स्वच्छ, अ‍ॅडॉप्टर नवा, हवा थंड. दोष कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये होता. मोठी पाकिटं तोडण्याचं काम कार्डावर सोपवायची सोय मी बंद केली आणि तो थांबला. अन्नांनी हे कधी मानलं नाही. लिहिलेली गोष्ट कशी बिघडेल, झिजायला तिथे आहे काय, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की ती पहिल्यापासूनच चुकीची लिहिलेली असू शकते. त्यावर त्यांनी मान हलवली, पण 'होय' म्हणून नाही.

२०१७ च्या सुरुवातीला एक बातमी आली ती मी मुद्दाम त्यांना सांगायला गेले. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० जातीच्या चिपमध्ये जन्मतःच एक दोष निघाला होता. घड्याळाचे ठोके बाहेर पुरवणारी तिची एक वाट काळाने झिजत जाते, आणि ती बंद झाली की यंत्र सुरूच होत नाही. वर्षानुवर्षं चालू राहिलेलं यंत्र एकदा बंद करून पुन्हा लावलं की संपलं. जगभरात नेटवर्कच्या पेट्यांत आणि साठवणुकीच्या यंत्रांत या चिपा होत्या. आमच्याकडे तशी एकही नव्हती. पण मला अन्नांना त्यातली कर्नलची बाजू सांगायची होती: एकही ओळ नाही. कर्नल जागा व्हायच्या आधीच सगळं अडतं, मग पंचनामा कोण लिहिणार? अन्नांनी लगेच विचारलं, ठोका कुठल्या पायावर येतो? पुढे काही हौशी लोकांनी त्या वाटेला एक लहान रेझिस्टर लावून मेलेली यंत्रं उठवली, तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्या रेझिस्टरचं मूल्य विचारून वहीत लिहून घेतलं. त्यांना ते यंत्र कधी दिसणार नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर अन्ना भागाचे घेत, पाहण्याचे घेत नसत. दोन कपॅसिटर, चौदा रुपये. कंपनी एका बदली पेटीला किती मोजते ते मी एकदा सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की चौदाचे पंधरा दे, सुटे नाहीत. कंपनीकडून त्यांना काहीतरी मानधन मिळावं म्हणून मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं की विक्रेत्यांच्या यादीत नाव नाही, आणि यादीत घालायला जीएसटी क्रमांक लागतो. हे मी अन्नांना कधी सांगितलं नाही.

त्यांनी माझ्याकडे मागितलं ते एकच. डीमेसेग, म्हणजे या ओळी पाहायची आज्ञा, आणि त्यांच्या कामाचे काही संदेश मराठी अक्षरांत लिहून दे. मी एका पुठ्ठ्यावर लिहून दिले, 'टाइमआउट', 'रिसेट', 'लिंक डाउन', 'थ्रॉटल्ड', 'सीआरसी', 'पॅरिटी एरर', आणि प्रत्येकापुढे सांगणारा कोण ते. उपायाचा रकाना ठेवला नाही. पुढे मी नागपूरला कामाला गेल्यावर माझ्या जागी दुसरा मुलगा आला, तो अन्नांच्या दुकानात त्या पुठ्ठ्यापाशी बसू लागला असं वडिलांनी फोनवर सांगितलं.

आता माझ्यासमोर रोज शेकडो पेट्यांच्या ओळी येतात. आधी एक प्रोग्राम त्या चाळतो, रंग लावतो आणि शेजारी उपाय सुचवतो, म्हणजे तो तक्ताच, फक्त वेगवान. रात्रपाळीतली मुलं लाल ओळ पाहून 'कार्ड गेलंय मॅडम' म्हणतात, आणि मी त्यांना विचारते की हे कोण सांगतंय आणि त्याला कसं कळलं. मुलं सुरुवातीला वैतागतात. त्यातली एक मुलगी मात्र वैतागत नाही, ती उलट मला विचारते की वीज कुठून येते. गावी विहिरीवरचा पंप तिनेच चालू-बंद केलाय म्हणे. तिचं मला बरं वाटतं.

मागच्या वर्षी अन्नांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुकान मुलगा पाहतो, तो मोबाइल दुरुस्त करतो, पण अन्नांचं टेबल तसंच आहे. मी त्यांना ईएसआर मीटर पाठवला. कपॅसिटर न काढता, बोर्डावरच त्याचा आतला रोध मोजणारं यंत्र. वाटलं होतं खूश होतील. आठवड्याने फोन आला तो तक्रारीचाच. एक कपॅसिटर मीटर म्हणतो चांगला, आणि बल्ब म्हणतो खराब. मी म्हटलं, अन्ना, मीटर अगदी थोड्या करंटवर आणि गार असताना मोजतो, बल्ब तापवून मोजतो, दोघंही आपापल्या जागी खरे असतील. ते म्हणाले की मग मला यात नवीन काय दिलंस. वाद मिटलेला नाही, दिवाळीला गेले की दोघं बसून पाहायचं ठरलंय. वडीलही येणार आहेत, निकाल द्यायला.

येताना ३५ वॅटचे बल्ब आण, असं बजावलंय. नव्या गाड्यांना एलईडी आले, आणि अहेरीच्या दुकानांत जुन्या जातीचा बल्ब मिळेनासा झालाय. नागपुरात एका दुकानात शिल्लक सापडले. दुकानदाराने गाडी कुठली विचारलं. गाडी नाही, अ‍ॅडॉप्टर तपासायला हवेत म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डझनाचा भाव सांगितला.